डाव्या बाजूचं पायदान

सुनंदा,

गेल्या आठवड्यात राजूरहून वेल्डिंगवाल्या रहीमभाईंचा फोन आला. "डबा झाला भाऊ. पानी भरून पाह्यलं, थेंब गळत नाही," म्हणाले. मग जरा थांबले. "पन वयनीचं पायदान काढा लागन. थे ठेवून हा डबा बसत नाही. तुमी या, मंग पाहू." एरवी ग्राइंडरच्या वर आवाज चढवून बोलणारा हा माणूस, पण हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला फोन कानाला दाबून धरावा लागला. येतो म्हणालो आणि ठेवला.

तुझं पायदान. साडी नेसून एका अंगानं बसायचं म्हणून गाडीला डाव्या बाजूला मुद्दाम लावून घेतलेलं. आणि डबाही तुझ्याच, खाकी कागदावर काढून दिलेल्या मापाचा. दोन्ही तुझंच, आणि दोन्ही एका गाडीवर मावत नाही. यातलं काय ठेवू हे विचारायला तू हवी होतीस. तुझ्याकडे उत्तर तयार असतं, आणि वर "एवढं बी कळत नाही का तुमाले" हेही असतं.

तुझी तेरवी होईपर्यंत कुणी काही मागायला आलं नाही. मग तुझ्या गिऱ्हाइक बायका एकेक करून दारात येऊ लागल्या. घुटमळायच्या, चहा नको म्हणायच्या, आपली पोर पल्लवी कशी आहे विचारायच्या, आणि शेवटी खाली पाहत म्हणायच्या, "भाऊजी, माया मापाचा ब्लाउज होता ताईपाशी." मला काय कळणार कोणता कोणाचा? मी कपाट उघडून द्यायचो आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहायचो. त्यांचं त्या शोधून न्यायच्या. न शिवलेली कापडंही गेली. एक म्हातारी मात्र आपला ब्लाउज हातात घेऊन बराच वेळ पायरीवर बसली. "आता थिच्यासारखी बाही कोन बसवन," म्हणाली आणि तो पुन्हा आत कपाटात ठेवून गेली. तो अजून तिथंच आहे.

ब्लाउजांबरोबर त्यांच्या मापांचे कागदही गेले, आणि असं करता करता भिंतीवरच्या खिळ्यावर एकच कागद राहिला. तो गाडीच्या डब्याचा.

ही गाडी घेतली तेव्हा तू किती दिवस तिच्याकडे पाहिलंही नव्हतंस, आठवतं? मारेगावात मोटार वायंडिंगचं दुकान चालवणारा, केस पिकलेला माणूस, आणि त्यानं जुनी का होईना, पोरांनी वाकून चालवायची रेसची गाडी आणली. "लोकं तुमच्या वयात मोपेड घेतात," एवढंच बोललीस. मग मी तिला डावीकडे पायदान आणि साडीगार्ड लावून आणलं. त्या दिवशी मात्र तुला हसू आवरेना. चौकातली पोरंही हसली. रेसच्या गाडीला साडीगार्ड लावणारा अख्ख्या तालुक्यात मीच असेन. तू पदर खोचून मागे बसलीस, एक हात माझ्या खांद्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "चला, आता पांढरकवड्याले न्या मले. आईले दाखवू काय घेतलं जावयानं."

जावयाची अब्रू करंजीच्या अलीकडेच गेली. गाडीत कुलंटचा दोष होता. इंजिनाभोवती जे हिरवं पाणी फिरतं ते तापलं की फुगतं, वाढलेलं पाणी नळीनं बाजूच्या एका डब्यात जातं, आणि गाडी निवली की परत आत ओढलं जातं. आपल्या गाडीचा तो डबा तडकलेला होता. ते मॉडेल बंद पडलं होतं, त्यामुळे तो यवतमाळात मिळेना, नागपुरात मिळेना. मी थंड पेयाची रिकामी बाटली तारेनं बांधली होती. तापलेल्या पाण्यानं ती आखडली, नळी सुटली, आणि सगळं पाणी रस्त्यावर. तू खाली उतरून त्या हिरव्या थारोळ्याकडे पाहिलंस. "अवो, खस सरबत सांडलं ना तुमचं," म्हणालीस.

तिथंच ती चिंच होती आणि चिंचेखाली पानठेला. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यात आपण तुझ्या माहेरी जितक्यांदा निघालो, तितक्यांदा तिथं थांबलो. मी बाटल्या बदलल्या, बरण्या बदलल्या, एकदा तर तुझी तेलाची बुधली बांधली. गाडी चिंच ओळखायला लागली होती जणू. तुझ्या आईच्या पाटवड्या तिकडे गार व्हायच्या. फोनवर ती विचारायची, "कुटी हाय तुमी?" आणि तू सांगायचीस, "चिंचेखाली." तेवढ्यावरून तिला सगळं कळायचं.

पानठेलेवाला न सांगता मगभर पाणी आणून ठेवायचा. मी रेडिएटर निवायची वाट पाहायचो. तू दगडावर बसून पिशवीतून ब्लाउज काढायचीस आणि हूक लावायला घ्यायचीस. मान खाली, तोंडात सुई, आणि तरी बोलणं चालूच. घरी आपण कधी इतकं बोललो? घरी तुझं मशीन आणि माझं दुकान. जेवताना बोलणं व्हायचं ते गॅस संपला, पल्लवीची फी, असलंच. चिंचेखाली मात्र तू मला लहानपणीचं सांगायचीस. केळापूरच्या जत्रेत तू हरवली होतीस आणि एका बांगड्यांच्या दुकानात झोपलेली सापडलीस, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. "तुमी कधी विचारलंच नाही," म्हणालीस. मी काय विचारणार होतो, की बाई तू कधी जत्रेत हरवली होतीस का?

एकदा तू सुई थांबवून विचारलंस, "मायासोबत असं रिकामं बसून कंटाळा येते का तुमाले?" मी झाकणावर हात ठेवून पाहत होतो. "अजून गरम आहे," म्हणालो. तू हसलीस आणि पुन्हा मान खाली घातलीस. माझ्या डोक्यात झाकणच होतं गं. पण कंटाळा येत नव्हता. कधीच आला नाही. तुला ते कळलं असेल असं मी धरून चाललो होतो, आणि आता खात्री करून घ्यायची सोय नाही.

मग दिवाळीनंतर तूच म्हणालीस, की बांधलेल्या बाटल्या पुरे झाल्या, नीट मापाचा डबा करून घ्या. गाडीत त्याला जागा एकच होती, डावीकडे, सीटच्या खाली आणि पायदानाच्या वर. उजवीकडे सायलेन्सर, वरती बॅटरी. ती जागाही वेडीवाकडी, वर रुंद, खाली निमुळती, मागं कापलेली. मी पट्टी घेऊन बसलो तर मला एक बाजू जमेना. तू मला बाजूला सारलंस. "हटा. यापेक्षा वाकड्या बायांचे ब्लाउज शिवले मी." टेप गळ्यात, खडू कानावर. जमिनीवर बसून तू त्या जागेत कागद कोंबलास, दुमडलास, खुणा केल्यास, आणि चहा होईपर्यंत खाकी कागदावर डबा उघडा करून मांडलास. समोरची बाजू, पाठ, दोन कुशी, तळ. मी तो कागद आणि तुझ्या स्वयंपाकघरातली पिचकलेली तांदळाची कोठी घेऊन राजूरला गेलो. पत्रा त्या कोठीचा.

रहीमभाईंनी कागदाबरहुकूम पत्रा कापला. आर्गनची वेल्डिंग अशी मारली की जोड बोटाला लागू नये. नळी तळापर्यंत नेली, वर झाकण दिलं आणि जास्तीचं पाणी जायला एक छोटी नळी दिली. आणि बसवायला गेलो तर डबा बसेना. सगळीकडून मोठा. रहीमभाई माझ्याकडे पाहतात, मी कागदाकडे. मग माझ्या लक्षात आलं आणि मी दुकानातच कपाळावर हात मारला. तू प्रत्येक कडेला शिलाईची जागा सोडली होतीस! पत्र्याला! लोखंडाला कोण दोरा घालतं?

घरी येऊन मी तुला हे सांगितलं तेव्हा माझं हसू थांबत नव्हतं. तू जराही हसली नाहीस. "मी मुद्दाम ठेवलं," म्हणालीस.

"कायले?"

"पुढं लागते. दिवाळीचं माप उन्हाळ्यात पुरत नाही."

"अगं, ती गाडी आहे. ती काय बाळंत होणार आहे?"

"तुमची गाडी तापली का फुगते ना? तुमीच सांगतलं. मंग जास्तीची जागा ठेवली तं काय चुकलं?"

मी म्हणालो, तुझा हात सवयीनं गेला आणि आता तू सारवासारव करतेस. तू म्हणालीस, वीस बायांची मापं डोक्यात ठेवणारीला सवय शिकवू नका. हा वाद आपण जेवताना घातला, भांडी घासताना घातला, पल्लवीला नागपूरला फोन लावून तिलाही ओढलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघंही येडे झाले आहात." निकाल काही लागला नाही. त्यानंतरही मी कधी काही मोठं केलं, भाजी जास्त आणली किंवा वायरचा तुकडा लांब कापला, की तू विचारायचीस, "शिलाईची जागा सोडली का?" म्हणजे तुलाही आत कुठंतरी हसू येत होतं. पण कबूल तू केलं नाहीस.

मोठा डबा बसवायला एक रस्ता होता. पायदान काढायचं. पण तुझा गुडघा दोन्हीकडे पाय टाकून बसू देत नव्हता, आणि तुला मागे बसवायचं नाही तर गाडीचं करायचं काय? मग डबाच कापला. तू सोडलेली जागा चारही कडांनी छाटून टाकली, पुन्हा जोडला, आणि तो पायदानाच्या वर नेमका बसला. थंडीत मी तो वणीपर्यंत फिरवून पाहिला. थेंब सांडला नाही. मी घरी येऊन मिशीवर ताव दिला. "उन्हाळा येऊ द्या," एवढंच तू म्हणालीस.

आणि अट घातलीस. "आता एकदा पांढरकवड्याले न थांबता न्या मले. एकदा तरी. चिंचेकडं पाहाचं बी नाही." लग्नसराई तोंडावर होती, तुझ्याकडे ब्लाउजांचा ढीग पडला होता. होळीला जाऊ, तू म्हणालीस. होळी यायची होती अजून, तेव्हाच तू गेलीस. सकाळी मशीनवर बसलेली बाई दुपारी यवतमाळच्या दवाखान्यात होती आणि संध्याकाळी नव्हती. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. लोक मला विचारतात तेव्हाही मी एवढंच सांगतो.

उन्हाळा आला. चैत्रातल्या एका दुपारी मी वणीहून परतलो, दुकानासमोर गाडी बंद केली, आणि डब्याच्या वरच्या नळीतून हिरवं पाणी भळभळ बाहेर आलं. डबा पुरला नाही. मी जी जागा छाटली होती, ती असती तर पुरला असता. मी तिथं रस्त्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "जिंकलीस, घे!" शेजारचा खतवाला बाहेर येऊन पाहायला लागला. मला तुझा इतका राग आला, सुनंदा. बरोबर ठरायचं होतं तर ते पाहायला थांबायचं होतंस. कमरेवर हात ठेवून दारात उभी राहून "काय म्हनलं होतं मी" एवढं तरी म्हणायचं होतंस. आणि तू खरंच मुद्दाम ठेवलं होतंस, की चुकलीस आणि चुकूनच बरोबर ठरलीस, हे मी आता कोणाला विचारू?

त्याच रागात मी खिळ्यावरचा कागद काढला आणि राजूरला नेला. उरलेल्या कोठीतून पुन्हा करा म्हणालो, कागदाबरहुकूम, एक सूतही कमी नको. पायदानाचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. खरं सांगतो. तू मागे बसणारच आहेस, असंच धरून मी सांगून आलो होतो.

तर फोन आला, आणि मी गेलो. रहीमभाईंनी डबा फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला. तुझ्या कागदावर होती तशीच कुशीतली तिरकी रेघ, तसाच मागचा काप. त्यांनी गाडी स्टँडला लावली, खाली बसले, आणि पायदानाच्या बोल्टला पाना लावला.

"काढू का भाऊ?"

मी डबा उलटसुलट करून पाहत राहिलो. त्यांनी पाना फिरवला नाही.

"हे काढलं का गाडी कुटी बी न्या, तापनार नाही," ते म्हणाले. "अन् आता..." पुढचं त्यांनी गिळलं. आता लागतं कोणाला, हेच म्हणायचं होतं त्यांना. खोटं नव्हतं ते. इतके दिवस सगळे मला तेच सांगत होते, साड्या देऊन टाका, मशीन देऊन टाका, आणि मी देतही होतो. मला माहीत आहे तू गेलीस. पण पाना लागलेला पाहिला आणि मला चिंचेखालचं एक आठवलं, आणि ते आठवल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं की इतक्या दिवसांत हे कसं सुचलं नाही. तुला न थांबता माहेरी पोचायचं होतं, तर निघताना तू पिशवीत हुकांची पुडी कशाला घेत होतीस? गाडी थांबणार हे धरूनच निघायचीस तू. एकदाही विसरली नाहीस. घाईच्या दिवसांत तर हूक लावायचे मुद्दाम मागे ठेवायचीस, "हे चिंचेखाली होतीन" म्हणून. वरून कटकट करायचीस ती वेगळी.

"राहू द्या," मी म्हणालो.

"मंग डबा?"

"डबा घरी नेतो. जुनाच राहू द्या गाडीला."

रहीमभाई वर पाहायला लागले. "उन्हाळाभर तापन भाऊ ते."

"तापू द्या."

त्यांनी पाना काढून घेतला. मजुरीला हात लावला नाही. नुसतं पायदान एकदा हातानं खालीवर करून पाहिलं, सैल लागलं म्हणून घट्ट केलं, आणि उठले.

काल तुझ्या आईकडे निघालो. तिला तुझी कात्री हवी आहे, तिनं तुला पहिल्यांदा घेऊन दिलेली. फडक्यात गुंडाळून मागच्या सीटवर बांधली. ऊन रणरणत होतं. करंजीच्या अलीकडे गाडी तापल्याचा लाल दिवा लागला आणि मी चिंचेखाली गाडी घेतली. पानठेलेवाला मगभर पाणी घेऊन आला. त्यानं पायदानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कानावर गेलेलं असणार.

"तापली का जी?"

"हो."

त्यानं पाण्याचा मग माझ्या बाजूला ठेवला आणि गेला. मी तुझ्या दगडाशेजारच्या दगडावर बसलो. तुझ्या आईचा फोन आला. कुटी हाय म्हणाली. मी चिंचेखाली म्हणालो. ती म्हणाली, "या बापा सावकाश. बसा थोडं."

मी बसलो. कंटाळा येत नाही, हे तुला मोठ्यानं सांगितलं. दोनदा सांगितलं. झाकणाला हात लावून पाहिला तर गाडी केव्हाची निवली होती. मी बसून राहिलो.